संकेतस्थळाचा कारभार गावाच्या हाती

जानेवारी १९३९ मध्ये औंध संस्थानाने नवी घटना स्वीकारली. आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत तुटक तुटक विखुरलेली ७२ गावे आणि सुमारे ५०० चौरस मैल मुलूख, एवढेच ते संस्थान होते. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतःहून राज्याधिकार सोडायचे ठरवले. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली आराखडा तयार केला. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तालुक्यांतून विधिमंडळात प्रतिनिधी जायचे, अशी ती मांडणी होती.

या प्रयोगाबद्दल बोलताना राजाच्या त्यागाचा उल्लेख हमखास होतो. त्यातल्या रचनेकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. खेड्यातल्या शेतकऱ्याला राज्यकारभार द्यायचा, तर तो त्याला पेलवेल अशा रूपात द्यायला हवा, हे या मंडळींनी ओळखले होते. शेतकऱ्याने आधी कायदे पाठ करावेत, असे त्यांनी म्हटले नाही. विहीर, रस्ता, शाळा, किरकोळ तंटे हे विषय गावाच्या आवाक्यातले होते आणि गावालाच त्यांची खरी माहिती होती. म्हणून त्यांचा निर्णय गावात आणला. उरलेली कायद्याची गुंतागुंत ज्यांचे ते कामच होते, त्यांच्याकडे ठेवली.

आज त्याच पट्ट्यातल्या, म्हणजे खटावपासून आटपाडीपर्यंतच्या ग्रामपंचायती, शाळा, देवस्थाने, वाचनालये आणि सहकारी संस्था यांच्यासमोर कारभाराचे एक नवे साधन आले आहे. ते म्हणजे वेबसाइट आणि तिच्या मागच्या बाजूचा डॅशबोर्ड. लॉगिन केल्यावर उघडणाऱ्या या पडद्यावरून मजकूर घालायचा, फोटो चढवायचे, जुनी सूचना काढायची. वेबसाइट गावाची आहे की ती बनवून देणाऱ्याची, हे याच पडद्यावर ठरते. डॅशबोर्ड उघडल्यावर काय करायचे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा संगणक परिचालकाला उमगले नाही, तर दोन ओळींच्या सूचनेसाठीही शहरातल्या माणसाला फोन करावा लागतो. वेबसाइट उद्घाटनाच्या दिवशी जशी होती तशीच राहते आणि नव्या सरपंचांच्या काळातही मुखपृष्ठावर आधीच्या सरपंचांचा फोटो झळकत राहतो.

प्रश्न सोयीपुरता नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ प्रकारची माहिती कुणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायची असते आणि दरवर्षी ती अद्ययावत ठेवायची असते. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यावी, असेही हेच कलम सांगते. ग्रामपंचायत हे सार्वजनिक प्राधिकरणच आहे. ग्रामसभेचा ठराव, कामावर झालेला खर्च, लाभार्थ्यांची यादी ही माहिती पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या गावकऱ्यालाही घरबसल्या दिसावी, हा त्याचा हक्क आहे. हा हक्क शेवटी एका पडद्यावर आणि तो हाताळणाऱ्या एका माणसावर अवलंबून राहतो. म्हणून हा पडदा सोपा असावा ही मागणी लोकशाहीच्या खात्यात जमा व्हायला हवी.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: लोकांना प्रशिक्षण द्या. त्यामागे असे गृहीत धरलेले असते की गावातल्या कर्मचाऱ्याला गुंतागुंत झेपत नाही. ते खरे नाही. ग्रामपंचायतीचे दप्तर १ ते ३३ नमुन्यांत विभागलेले असते. नमुना ८ म्हणजे कर आकारणी, नमुना ९ म्हणजे कराची मागणी, आणि पुढे कीर्द, पावत्या, साठा, मोजमाप असे कितीतरी. कोणता उतारा कुठून निघतो, कोणती नोंद कुठे फिरते, हे अनुभवी माणूस झोपेतून उठून सांगेल. ज्याच्या डोक्यात हे ३३ नमुने बसतात, त्याला डॅशबोर्डचे दहा विभाग जड जाण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे. नमुन्यांची गुंतागुंत त्याच्या कामातून आलेली आहे, म्हणून प्रत्येक रकान्याला त्याच्या लेखी अर्थ आहे. डॅशबोर्डची गुंतागुंत सॉफ्टवेअरच्या पोटातून आलेली आहे.

जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट ज्यावर चालतात, त्या वर्डप्रेसचेच उदाहरण घ्या. २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ते सुरू केले ते ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. त्यामुळे मजकुराचे दोन मूळ प्रकार त्यात रुजले: तारखेनुसार मागे सरकत जाणारी ‘पोस्ट’ आणि कायम एका जागी राहणारे ‘पेज’. ब्लॉग लिहिणाऱ्याला हा फरक सहज कळतो. पण ‘उद्या पाणी येणार नाही’ असे कळवायला बसलेल्या कर्मचाऱ्याने हे पोस्टमध्ये घालायचे की पेजमध्ये? त्याला कॅटेगरी निवडायची की टॅग लावायचा? पडद्यावर त्याच्या बाजूलाच साइटचे रूप बदलणारा, नवे प्लगइन (जोड-सुविधा) बसवणारा आणि सगळ्या सेटिंग्ज उलथवू शकणारा भागही उघडा असतो. त्यातले एक चुकीचे बटण दाबले तर काय होईल, या धास्तीने माणूस माउसवरचा हात मागे घेतो.

हे दुखणे जुने आहे आणि त्यावरचा एक उत्तम इलाजही जुनाच आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ‘ब्राव्हो’ नावाचा मजकूर-संपादक तयार झाला. तो वापरताना आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत की आज्ञा देण्याच्या, हे सतत लक्षात ठेवावे लागे. आज्ञेच्या अवस्थेत कुणी चुकून इंग्रजीत ‘एडिट’ हा शब्द टाइप केला, तर पहिल्या अक्षराने सगळा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने तो पुसला जाई, तिसऱ्याने नवा मजकूर घालण्याची आज्ञा सुटे आणि पानावर फक्त एकटा ‘टी’ उरे. झेरॉक्सचीच ‘गिन’ ही पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था होती. तिच्या संपादकांसाठी नवा संगणक-कार्यक्रम करण्याचे काम लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांच्याकडे आले, तेव्हा मॉट यांनी एका संपादिकेला कोऱ्या पडद्यासमोर बसवले. समोर कळफलक आणि माउस होता, पण चालू काहीच नव्हते. ‘तुम्ही हस्तलिखित कसे तपासता ते इथे करून दाखवा,’ असे त्यांनी तिला सांगितले. शब्दावर खूण करायची, उतारा कापायचा, दुसरीकडे चिकटवायचा, ही तिची रोजची रीत होती. त्यातून ‘जिप्सी’ हा कार्यक्रम १९७५ मध्ये उभा राहिला आणि आजचे कट-पेस्ट पुढे जगभर गेले.

टेसलर यांनी पुढे गुंतागुंतीच्या अक्षय्यतेचा नियम मांडला. कुठल्याही कामात काही गुंतागुंत अटळ असते; ती नाहीशी होत नाही, फक्त कोणी सोसायची एवढेच ठरवता येते. कार्यक्रम बनवणाऱ्याने एकदा कष्ट घ्यायचे, की वापरणाऱ्या हजारोंनी रोज घ्यायचे? औंधच्या घटनाकारांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले होते. डॅशबोर्डच्या बाबतीत मात्र तो बहुधा विचारलाच जात नाही. ‘सगळ्या सुविधा दिल्या आहेत’ असे सांगून बनवणारा मोकळा होतो आणि त्यांतून निवड करण्याचा सगळा भार गावावर पडतो.

सोपे करणे म्हणजे बटणे कमी करणे, असा मग दुसऱ्या टोकाचा समज होतो. त्यातही धोका आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये मेन्यू आपोआप छोटे होण्याची सोय आणली. जी आज्ञा फार वापरली जात नाही ती लपायची, वापरलेली वर यायची. पडदा मोकळा दिसू लागला, पण ओळखीची गोष्ट ओळखीच्या जागी सापडेना. २००७ च्या आवृत्तीत ही पद्धत गेली. याउलट आयबीएममध्ये जॉन कॅरल आणि कॅरोलाइन कॅरिदर्स यांनी केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेन्यूतले काहीच हलवले नव्हते. नवशिक्याने पुढच्या टप्प्यातली आज्ञा निवडली तर ‘ही सोय सध्या बंद आहे’ एवढेच पडद्यावर येई. अशा पडद्यावर शिकणारे लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला. दोन्हीकडे हेतू सोपेपणाचाच होता. फरक पडला तो जागा पक्की राहिल्यामुळे आणि काय बंद ठेवायचे हे एखाद्या यंत्रणेने परस्पर ठरवण्याऐवजी माणसाने विचार करून ठरवल्यामुळे.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या वाटचालीत हे दोन्ही धडे दिसतात. मार्च २००८ मध्ये २.५ या आवृत्तीत डॅशबोर्डचे रूप एका नामांकित संस्थेकडून पालटून घेतले होते. तरीही प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना समोर बसवून, त्यांची नजर पडद्यावर कुठे फिरते हे टिपून चाचण्या घेतल्या, तेव्हा उणिवा उघड झाल्या. नवे रूप जेमतेम नऊ महिन्यांचे असतानाच ते बाजूला ठेवून डिसेंबर २००८ च्या २.७ आवृत्तीत मेन्यू डाव्या कडेला उभा आणला. तो आजही तिथेच आहे. दहा वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, ५.० आवृत्तीत मजकूर तुकड्या-तुकड्यांनी रचण्याचा नवा संपादक आला. तो येण्याच्या दोनच महिने आधी सुगम्यता गटाच्या प्रमुख रियान रीटव्हेल्ड यांनी राजीनामा दिला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा पडदावाचक वापरणाऱ्या अंध व्यक्तींसाठी हा संपादक अडचणीचा होता. जुना संपादक परत आणणारे प्लगइन लाखो साइटवर बसवले गेले. काम हाताला बसलेले असते. ते विस्कटणारा बदल कितीही आधुनिक असला, तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो अवघडच ठरतो.

मराठी माणसापुढे याखेरीज काही अडथळे असे आहेत की इंग्रजी डॅशबोर्ड बनवणाऱ्याला ते सुचणारही नाहीत. वर्षानुवर्षे कार्यालयांतला मजकूर श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होत आला. तो डॅशबोर्डमध्ये चिकटवला की अगम्य रोमन अक्षरांची रांग उमटते. हे एकदा अनुभवलेला माणूस पुढच्या वेळी कागदाची छापील प्रत काढतो, तिच्यावर सही-शिक्का घेतो, ती स्कॅन करतो आणि पीडीएफ चढवतो. डोळ्यांना तो दस्तऐवज मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तो चित्र असतो: त्यात शोधता येत नाही, मोबाइलवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि अंध व्यक्तीचा पडदावाचक मुका होतो. चिकटवलेला मजकूर जुन्या फॉन्टचा आहे हे ओळखून जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून देणारी सोय डॅशबोर्डमध्येच असायला हवी. तसे परिवर्तक स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत. ते शोधून वापरण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर टाकली जाते, हीच चूक आहे.

पानाच्या पत्त्याची गोष्ट याहून बारीक. देवनागरीतले एक चिन्ह संगणकात तीन बाइट व्यापते आणि पत्त्यात त्या प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे ‘औंध’ हा इवलासा शब्द पत्त्यात २७ अक्षरांचा होतो. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा घालते, त्यामुळे मराठी मथळा जेमतेम २२ चिन्हांनंतर तुटतो. ग्रामसभेच्या सूचनेचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि फसव्या दुव्यांविषयी सावध झालेला गावकरी ती उघडतच नाही. मराठी मथळ्यावरून छोटा, सुटसुटीत पत्ता आपोआप तयार करणे प्रोग्रामरला अवघड नाही. वापरणाऱ्याला तर त्यातले काहीच कळायची गरज नाही. सोपेपणा असा, न दिसणाऱ्या ठिकाणी केलेल्या कामातून येतो.

तिसरा अडथळा ताब्याचा. कर्मचाऱ्याची बदली झाली की दप्तराचा चार्ज रीतसर दिला-घेतला जातो, नोंदवह्यांची यादी होते, सह्या होतात. वेबसाइटचा पासवर्ड मात्र एखाद्याच्या मोबाइलमध्ये किंवा साइट बनवणाऱ्याच्या वहीत राहतो. डॅशबोर्डमध्ये चार्ज देण्या-घेण्याची सोय हवी. जुना माणूस गेला, नवा आला, सरपंचांच्या संमतीने खाते बदलले, एवढे तीन पायऱ्यांत व्हायला हवे आणि त्याची नोंद राहायला हवी. खाते माणसाच्या नावावर नको, पदाच्या नावावर हवे.

इथे सुरक्षिततेचा आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सरकारी किंवा सार्वजनिक साइटवर कुणी खोटी सूचना टाकली, चुकून यादी पुसली, तर? म्हणूनच प्रत्येक मजकूर वरून मंजूर होऊन यावा, असे पुष्कळांना वाटते. पण पाणीपुरवठ्याची सूचना तालुक्याच्या मंजुरीसाठी दोन दिवस थांबली, तर तिचा उपयोग संपला. संपूर्ण कुलूपबंदीला दुसरा पर्याय आहे तो चूक दुरुस्त करता येण्याचा. वर्डप्रेसने २००८ मध्ये मजकुराच्या जुन्या आवृत्त्या जपायला सुरुवात केली आणि २००९ च्या अखेरीस कचरापेटी आणली. हटवलेला मजकूर ३० दिवस परत आणता येतो. कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आणि मागे फिरण्याची वाट असली की अधिकार निर्धास्तपणे देता येतो. विश्वासाने जबाबदारी येते यावर औंध संस्थानाची श्रद्धा एवढी होती, की १९३९ मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची कैद्यांची वसाहत उभी राहिली. कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. तिच्याच प्रेरणेतून व्ही. शांतारामांचा १९५७ मधला ‘दो आँखें बारह हाथ’ आला. जिथे कैद्यांवर एवढा भरवसा टाकला गेला, तिथल्या आजच्या कर्मचाऱ्याला पाण्याची सूचना स्वतःच्या अधिकारात लावता यावी, ही अपेक्षा मोठी नाही.

सरकारी पातळीवर काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या पोर्टलने पंचायतींचे नियोजन, कामे आणि हिशेब यांची आधीची वेगवेगळी सॉफ्टवेअर एका दारात आणली. जिल्ह्यांच्या वेबसाइटसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) ‘एस-थ्री-वास’ ही तयार चौकट दिली आहे. तिच्यात साचे आधीच ठरलेले असल्यामुळे प्रत्येक जिल्ह्याला मुळापासून बांधकाम करावे लागत नाही आणि दिव्यांगांसाठीची सुगम्यता चौकटीतच येते. हीच दृष्टी जिल्ह्याखाली, गावापर्यंत उतरायला हवी. गावासाठी जिल्ह्याच्या डॅशबोर्डची छोटी प्रत चालणार नाही. तो गावच्या कामावरून रचावा लागेल.

तो कसा असेल? लॉगिन केल्यावर समोर कामांची नावे असतील: सूचना लावा, ग्रामसभा जाहीर करा, ठराव चढवा, कामाचा खर्च दाखवा, दाखल्यांची माहिती, फोटो. ‘ग्रामसभा’ उघडले की तारीख, वेळ, जागा आणि विषय एवढेच रकाने. पोस्ट की पेज, कोणती कॅटेगरी, मुखपृष्ठावर कुठे, हे सगळे डॅशबोर्ड स्वतः ठरवेल. सूचनेला मुदत असेल आणि मुदत संपली की ती आपोआप जुन्या नोंदींत जाईल. ज्या नोंदवहीशी संबंध आहे तिचा नमुना क्रमांक शेजारी लिहिलेला असेल, कारण कर्मचारी त्याच क्रमांकाने विचार करतो. प्रसिद्ध करण्याआधी मोबाइलवर ते कसे दिसेल हे दिसेल, आणि ‘प्रसिद्ध करा’च्या बाजूलाच ‘मागे घ्या’ असेल. हे सगळे लॅपटॉपइतकेच फोनवरही चालेल, कारण गावातले बहुतेक फोटो आणि निरोप आज फोनवरूनच निघतात. साइटचे रूप, प्लगइन, सेटिंग्ज हा भाग काढून टाकायचा नाही. तो तांत्रिक देखभाल करणाऱ्याच्या खात्यात राहील, आणि गावातल्या कुणाला शिकायची इच्छा असेल तर त्याच जागी टप्प्याटप्प्याने उघडता येईल.

शाळेचा किंवा देवस्थानचा डॅशबोर्ड अर्थातच वेगळा होईल. औंधला १९४० पासून चालत आलेला संगीत महोत्सव आहे, यमाईच्या डोंगरावर राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतच्या कलाकृती जपणारे श्री भवानी संग्रहालय आहे. महोत्सवाच्या कार्यकर्त्याला कलाकार, दिवस, वेळ आणि गावात पोहोचायचा रस्ता हे हवे. संग्रहालयाला वस्तूचे नाव, कलावंत, काळ आणि चित्र हे रकाने हवेत. दोघांनाही ‘पोस्ट’ नको आहे. एकच डॅशबोर्ड सगळ्यांना देणे बनवणाऱ्याला स्वस्त पडते. पण प्रत्येक संस्थेच्या चार-सहा नेमक्या कामांसाठी साचे एकदा तयार केले, तर ते शेकडो गावांत, शेकडो शाळांत पुन्हा वापरता येतात. त्यामुळे खर्चाचा आक्षेप फार काळ टिकत नाही.

यासाठी सुरुवात वेबसाइटचे काम देताना करता येईल. आज काम पाहताना मुखपृष्ठ कसे दिसते ते पाहिले जाते आणि बिल निघते. त्याऐवजी पंचायत समितीने एक अट घालावी. साइट बनवणाऱ्याने तालुक्यातल्या पाच-सहा ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्याच फोनसमोर बसवावे आणि तीन कामे सांगावीत: पाण्याची सूचना लावा, कालच्या ग्रामसभेचा ठराव चढवा, चुकीची पडलेली तारीख दुरुस्त करा. बनवणाऱ्याने शेजारी बसून फक्त पाहायचे, बोलायचे नाही. जिथे माणूस अडला तिथे दुरुस्ती डॅशबोर्डची करायची आणि चाचणी पुन्हा घ्यायची. तिन्ही कामे मदतीशिवाय झाली की मगच अखेरचा हप्ता द्यायचा. वर्षभराने, माहिती अधिकाराच्या १७ बाबी अद्ययावत आहेत का, हे तपासताना हीच चाचणी नव्या कर्मचाऱ्यासह परत घ्यायची. खटाव आणि आटपाडी या दोन तालुक्यांनी एवढे केले, तरी बाकीच्या तालुक्यांना उचलून वापरता येईल असा मराठी डॅशबोर्डचा एक तपासलेला साचा हाती येईल.